विजयनगरच्या पाहुण्यांचा जमाखर्च

गेल्या जानेवारीत आम्ही वीस-बावीस जण हंपीला गेलो होतो. मडगावला सकाळी गाडीत बसलो आणि दुपारी होसपेटला उतरलो. दुसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या जुन्या बाजाराच्या दगडी ओवऱ्यांपाशी गाइडने आम्हाला थांबवले आणि ठेवणीतले वाक्य टाकले, ‘‘कृष्णदेवरायाच्या काळात इथे एका छोट्या नाण्याला तीन कोंबड्या मिळत.’’ आमच्यातल्या एक बाई हळहळून म्हणाल्या, ‘‘किती स्वस्ताई होती हो तेव्हा!’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

खरे तर मी डोलवायला नको होती. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ‘विजयनगरच्या रस्त्यावर हिरेमाणके मापाने विकत’ हे वाक्य मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला सांगत आलो आणि मुलांचे डोळे विस्फारलेले पाहून खूशही होत आलो. ही माणके कोण विकत घेत असे, हे एकाही वर्षी विचारले नाही. त्या दिवशी ओवरीच्या सावलीत उभे असताना वाटले की, स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त, हा प्रश्न निदान एकदा तरी फळ्यावर लिहायला हवा होता. घरी आल्यावर विजयनगर पाहिलेल्या चार परदेशी प्रवाशांचे वृत्तान्त पुन्हा काढले. या वेळी देवळे आणि मिरवणुकी सोडून दिल्या आणि पेन्सिल घेऊन फक्त दर, भाडी, जकाती आणि नाणी यांच्याखाली रेघा मारत गेलो.

पहिला पाहुणा अब्दुर रझाक. हेरातच्या शाहरुखाचा हा वकील होर्मुझमार्गे कालिकतला उतरला आणि देवराय दुसरा याच्या बोलावण्यावरून 1443 च्या एप्रिलअखेर विजयनगरला पोचला. त्याला राहायला घर मिळाले आणि रोजचा शिधा ठरला. दोन मेंढ्या, कोंबड्यांच्या चार जोड्या, तांदूळ, लोणी, साखर आणि वर रोख दोन सोन्याचे वराह. नाण्यांचे कोष्टकही तोच देतो. एका वराहाचे दोन प्रताप, एका प्रतापाचे दहा फनम, एका फनमाचे सहा तार आणि एका ताराचे तीन जितल. म्हणजे पोटाची सोय सरकारातून होऊन शिवाय रोज चाळीस फनम त्याच्या हातात पडत होते.

चाळीस फनम म्हणजे किती, याचे उत्तर त्याच्याच वृत्तान्तात दुसऱ्या ठिकाणी सापडते. शहरात बारा हजार शिपाई पहाऱ्याला होते आणि त्यांचा पगार रोजचा बारा हजार फनम होता, असे तो सांगतो. हा पैसा कलावंतिणींच्या वस्तीवरच्या करातून येई. सरळ भागाकार केला तर दर शिपायामागे दिवसाला एक फनम पडतो. म्हणजे चाळीस शिपायांनी दिवसभर पहारा करून जे मिळवायचे, तेवढे या एका पाहुण्याला नुसते राहण्याबद्दल मिळत होते.

पण पाहुणचाराचे दिवसही मोजलेले असतात. हा खरा वकीलच नव्हे, अशी कुजबुज होर्मुझच्या व्यापाऱ्यांनी पसरवली. दण्णायक म्हणजे मुख्य प्रधान तेव्हा गुलबर्ग्याच्या मोहिमेवर होता आणि त्याच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याने रोजचा शिधा बंद केला. दण्णायक परतल्यावर त्याने त्या अधिकाऱ्याला बोल लावला आणि पाहुण्याच्या नावे टांकसाळीवर वरात काढून दिली. शहर तेच, बाजार तोच, दरही तेच असणार. तरीही मधल्या दिवसांत या माणसासाठी विजयनगर एकदम महाग झाले होते.

दुसरा पाहुणा दोमिंगो पायश. हा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास कृष्णदेवरायाच्या राजधानीत आला. आमच्या गाइडच्या कोंबड्या याच्याच वृत्तान्तातल्या. जगात सगळ्यात भरल्या बाजारांचे शहर ते हेच, असे तो म्हणतो. शहरात एका विंतेंला तीन कोंबड्या, एका फनमाला द्राक्षांचे तीन घोस किंवा दहा डाळिंबे आणि एका पार्दावला बारा जिवंत मेंढ्या, असे दर तो देतो. विंतें हे पोर्तुगीजांचे हिशेबाचे छोटे नाणे. पार्दाव हे इकडचे सोन्याचे नाणे आणि त्याची किंमत पायश 360 रैश सांगतो. वीस रैशांचा एक विंतें होत असल्याने एका पार्दावचे अठरा विंतें झाले.

आता हे दर शिपायाच्या पगाराशेजारी ठेवून पाहू. दोन्ही नोंदींत पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, म्हणून हा काटेकोर हिशेब नव्हे. पण फनम हेच माप धरले, तर दिवसभर पहारा करणाऱ्याची कमाई म्हणजे द्राक्षांचे तीन घोस. पायशला द्राक्षे स्वस्त वाटली. पहारेकऱ्याच्या बायकोला ती तशी वाटली असती का?

शिवाय पायशच्या खिशाला फारसा हात लागलाच नव्हता. तो क्रिस्तोव्हांव द फिगैरेदु या पोर्तुगीजाच्या लवाजम्यातून दरबारात गेला. राजाने त्यांची उतरण्याची चांगली व्यवस्था केली. मेंढ्या, कोंबड्या, लोण्याची आणि मधाची भांडी इतकी पाठवली, की फिगैरेदुने ती आपल्याबरोबरच्या पायदळाला आणि नोकरचाकरांना वाटून टाकली. कोंबडीचा भाव लिहून ठेवणाऱ्या या गृहस्थांच्या पानात कोंबडी फुकटच पडत होती.

तरी पायशचे उपकार मानायला हवेत, कारण दोन आकडे त्याने जोडीने लिहून ठेवले आहेत. शहरात विंतेंला तीन कोंबड्या आणि शहराबाहेर चार. शहरात पार्दावला बारा मेंढ्या आणि डोंगराकडे चौदा-पंधरा. मी वर्षानुवर्षे यातला पहिला आकडाच वाचत आलो होतो. दुसरा शेजारी ठेवला की कळते, वेशीच्या आत येताना कोंबडी तिसऱ्या हिश्श्याने महाग होत होती. हा फरक कुठे जात होता?

त्याचा मोठा भाग कुठे जात असावा, हे तिसरा पाहुणा सांगतो. फर्नांव नुनीश 1535 च्या सुमारास इथे होता. तो घोड्यांचा व्यापारी असावा असे मानतात आणि त्याची नजर तशीच आहे. पायश वेशीवरचे नक्षीकाम पाहतो, नुनीश वेशीवरचा मक्ता विचारतो. नागलापूर, म्हणजे आजचे होसपेट, तिथली वेस वर्षाला 12,000 पार्दावांना मक्त्याने दिलेली होती. मक्तेदार मागतील ते दिल्याशिवाय, गावकरी असो की परका, कोणालाही आत पाऊल टाकता येत नसे. या दोन्ही शहरांत काही पिकत नाही, सगळे बाहेरून बैलांच्या पाठीवर येते. रोज दोन हजार बैल आत येतात आणि प्रत्येक बैलामागे तीन विंतें जकात पडते, असे तो लिहितो. सूट फक्त बिनशिंगी बैलांना. त्यांना राज्यात कुठेच काही द्यावे लागत नसे.

हे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. दोन हजार बैलांचे रोजचे सहा हजार विंतें, म्हणजे 333 पार्दाव. वर्षाचे झाले सुमारे एक लाख वीस हजार. मक्ता तर फक्त बारा हजारांचा! छत्तीस दिवसांत मक्ता फिटला आणि पुढचे अकरा महिने निव्वळ नफा, असे सुख कुठल्याही मक्तेदाराला कोणी राजा देत नाही. बैलांचा आकडा ऐकीव आणि फुगवलेला असेल किंवा तो सगळ्या वेशींचा मिळून असेल. म्हणून नुनीशच्या आकड्यांवर राज्याचे अंदाजपत्रक मांडू नये. पण त्याच्या मूळ सांगण्याला त्याने बाध येत नाही. बैलामागे तीन विंतें म्हणजे शहरातल्या भावाने नऊ कोंबड्या. धान्याच्या गोण्या लादून आलेला बैलवाला आपले पहिले दाणे विकायच्या आधी एवढे वेशीवर ठेवून आत येत होता. पाहुण्यांना जे शहर भरलेले दिसले, ते रोज सकाळी याच्या पाठबळावर भरत होते. चारही वृत्तान्तांत या बैलवाल्याचा जमाखर्च कोणीही लिहिलेला नाही.

चौथा पाहुणा आला तेव्हा हे सगळे उलटलेले होते. 23 जानेवारी 1565 च्या लढाईत रामराय मारला गेला. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदरच्या फौजांनी राजधानी लुटली. चेझारे फेडेरिची हा व्हेनिसचा व्यापारी 1567 मध्ये गोव्याहून तिथे गेला. वाट आठ दिवसांची होती. बरोबरच्या दोन व्यापाऱ्यांनी तीनशे अरबी घोडे नेले होते आणि गोव्यातून बाहेर पडताना दर घोड्यामागे 42 होनांची जकात होती. शहरातली घरे उभी आहेत, पण रिकामी आहेत आणि त्यांत वाघ आणि रानटी जनावरे राहतात असे सांगतात, असे तो लिहितो. दरबार पुढे पेनुकोंड्याला गेला.

फेडेरिची कोंबडीचा भाव देत बसत नाही. त्याचा खर्च दुसऱ्याच गोष्टींवर होतो. ऐपतदार प्रवासी पालखीतून जातो आणि तिला आठ भोई लागतात, चार-चारांच्या पाळीने. बाकीचे लोक खोगीर आणि लगाम घातलेल्या बैलावर बसून जातात. त्याचे स्वतःचे काम महिन्याभराचे होते. पण वाटेवर चोरांचा इतका सुळसुळाट झाला होता, की रस्ते मोकळे होईपर्यंत तो सात महिने अडकून पडला. परतीच्या वाटेवर तर रोज नव्या नायकाची हद्द लागे. नावाला सगळे एकाच राजाचे मांडलिक, पण प्रत्येकाने तांब्याची खुर्दा नाणी आपापली पाडलेली. आज घेतलेला पैसा उद्याच्या मुक्कामी चालत नसे.

मला चारही वृत्तान्तांत मोलाची वाटते ती ही नोंद. भाताचा किंवा कोंबडीचा भाव कदाचित फारसा बदललाही नसेल. बदलला होता तो भावाखालचा पाया. हेरातच्या वकिलाला एक कोष्टक पाठ केले की काम भागत होते. तीसेक वर्षे मागे गेलो तर नुनीशच्या वेळी वेशीवर मक्तेदार उभा होता, तो नाडतही असेल, पण त्याला एकदा पैसे मोजले की पुढे रस्ता होता. आता मक्तेदाराच्या जागी चोर उभा होता आणि त्याचा दर कुठेच ठरलेला नव्हता. सहा महिने वाया गेल्याचे मोल फेडेरिचीने कुठे मांडलेले नाही, पण पालखी आणि भोई यांच्यापेक्षा ते नक्कीच जड गेले असेल.

हंपीतल्या त्या बाईंना उत्तर द्यायचे राहूनच गेले, म्हणून ते इथे लिहितो. बाई, विजयनगर स्वस्त होते, पण राजाच्या पाहुण्याला. पहाऱ्यावरच्या शिपायाला ते बेताचे होते आणि बैलवाल्याला वेशीवरच महाग पडत होते. तीन कोंबड्यांची गोष्ट सांगायला हरकत नाही, मात्र तिच्या शेजारी वेशीबाहेरच्या चौथ्या कोंबडीचीही सांगायला हवी. माझ्या एकतीस वर्गांना मी ती सांगितली नाही. हा लेख त्यांतल्या कोणाच्या हाती पडला, तर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

विठ्ठल मंदिराच्या तिकीट-खिडकीवर आम्ही माणशी चाळीस रुपये दिले. आमच्या मागे उभ्या असलेल्या दोन परदेशी मुलींना प्रत्येकी सहाशे पडले. पाटी पाहून त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि त्यांनी पैसे मोजले. अब्दुर रझाकला याच गावात रोज दोन वराह मिळत होते, हे त्यांना सांगावे असे फार मनात आले होते. पण मग त्या शिपायांचा पगारही सांगावा लागला असता आणि मागे रांग वाढत चालली होती.