तारमास्तरांचा हात

1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या त्याच मार्गावर सिंदी (रेल्वे) हे स्थानक आहे. रेल्वेच्या कारभाराला तारायंत्र लागे. मोर्सच्या लिपीत 'सिंदी' हे नाव रोमन अक्षरांनी पाठवायचे तर कळ 12 वेळा दाबावी लागते. दिवसभराच्या तारांचा हिशेब वर्गात विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा!

असे काम हाताला महाग पडे. 1875 साली फ्रान्समधील डॉक्टर ओनिमस यांनी तारमास्तरांच्या आखडणाऱ्या हाताचे वर्णन केले. 1908 साली ब्रिटनने हा विकार भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला. 1911 सालच्या चौकशी समितीने त्याची दोन कारणे दिली: माणसाची नाजूक मनोवृत्ती आणि पुन्हा पुन्हा येणारा थकवा. दोष माणसाचा की कामाचा, हा वाद पुढेही चालूच राहिला.

भरपाई मिळाली, तरी कामावर परतायचे कसे? हात बदलून? इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी एका लेखनिकाची हकिकत नोंदली आहे. उजवा हात निकामी झाल्यावर तो डाव्याने लिहायला शिकला. काही काळाने डाव्यालाही तीच व्याधी जडली. काम तेच, रीतही तीच. मग दुसरे काय होणार?

पूर्वी अशा दुखण्यावर 'पूर्ण विश्रांती' सांगत. पण फार दिवस हात न हलवल्यास स्नायू दुबळे होतात, खांदा आखडतो आणि कामाची धास्ती बसते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका प्रयोगात हाडे-स्नायूंच्या दुखण्याच्या काही रुग्णांना पूर्ण रजेऐवजी सुमारे निम्मा वेळ काम दिले. ते साधारण 12 दिवसांत नेहमीच्या कामावर टिकून परतले. पूर्ण रजेवरच्यांना 20 दिवस लागले.

आता सिंदीच्या परिसरातील कापसाच्या शेतात या. वेचणीत हात बोंडाकडून ओटीकडे सतत फिरत असतो, आणि मजुरी किलोवर मिळते. खांदा दुखला म्हणून थांबावे, तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. अर्धा दिवस वेचणी, मधे विसावा, ओटी लवकर रिकामी करणे हे उपाय साधे आहेत. पण मजुरी कापली गेली, तर ते कोण पाळणार? दुखऱ्या हाताला कामावर परत आणायचे, तर औषधाइतकाच कामाच्या रीतीचा आणि मजुरीच्या हिशेबाचाही विचार करावा लागतो.