मधुमेह आणि स्वयंदक्षता : भाविकांच्या माहितीसाठी

उपवास, प्रसाद आणि अनवाणी प्रदक्षिणा ही आपल्या उपासनेची तीन परिचित अंगे होत. मधुमेही भाविकांच्या बाबतीत या तिन्हींचा संबंध प्रकृतीशी येतो. यास्तव मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकाराविषयी (टाइप २) आवश्यक माहिती येथे देत आहोत.

व्याधीचे स्वरूप

या प्रकारात शरीरात इन्सुलिन तयार होते, परंतु पेशी त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. कालांतराने स्वादुपिंडाची क्षमताही घटते आणि रक्तातील साखर वाढत राहते. अनेकांस वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण जाणवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

"मी सडपातळ आहे, मला मधुमेह कसा होईल?" हा समज चुकीचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच (बी.एम.आय. २२.३) होते; परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळली. म्हणून वजनासोबत कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना होय.

निदान आणि उद्दिष्ट

उपाशीपोटी साखर १२६ मिलीग्रॅम वा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह समजला जातो. लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते. एचबीए१सी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. बहुतेक रुग्णांसाठी ती ७ टक्क्यांखाली राखणे हे उद्दिष्ट असते. वृद्धांसाठी डॉक्टर ते शिथिल करतात.

प्रसाद आणि आहार

प्रसादाचे माहात्म्य त्याच्या मापात नाही; कणभर प्रसादही पूर्ण प्रसादच होय. पेढा वा शिरा चिमूटभर ग्रहण करून उरलेला घरच्यांस द्यावा. महाप्रसादात भाताचे प्रमाण कमी ठेवून वरण, उसळ, कोशिंबीर व भाजी अधिक घ्यावी. गूळ आणि मध यांनीही साखर वाढते, हे ध्यानात ठेवावे.

उपवास

साबुदाणा हा जवळजवळ संपूर्ण पिष्टमय पदार्थ आहे. त्याची खिचडी, बटाटा व रताळे यांनी साखर झपाट्याने वाढते. त्याऐवजी ताक, दही, मोजके शेंगदाणे व काकडी घ्यावी. याउलट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन निर्जळ वा निरंकार उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून उपवासापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारावी. ती स्वतःहून बदलू अथवा बंद करू नये.

घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास, अथवा साखर ७० मिलीग्रॅमपेक्षा कमी भरल्यास, तीन चमचे (सुमारे १५ ग्रॅम) साखर पाण्यातून त्वरित घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये; तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी उपवास मोडणे हा दोष नव्हे.

पायांची निगा

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. वैशाखातील दुपारी तापलेल्या फरशीवर पाय भाजले तरी कळत नाही आणि लहानशी जखम पुढे पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा भाविकांनी प्रदक्षिणा सकाळी वा सायंकाळी करावी आणि पायांत स्वच्छ मोजे घालण्यास अनुमती मागावी. पावागडच्या पायऱ्या चढताना योग्य मापाची पादत्राणे व जवळ साखर असावी. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. जखम दिसल्यास घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावी.

नित्यक्रम

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. फतेगंजवासीयांस १८७९ साली उभारलेली कमाटीबाग जवळच आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, गोठू न देता ठेवावे. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते वाहनात ठेवू नये. रक्तदाब नियंत्रित ठेवावा, तंबाखू वर्ज्य करावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व पाय यांची तपासणी अवश्य करावी. दृष्टी स्पष्ट असली तरीही पडद्याची हानी चालू असू शकते.

तीस वर्षांवरील प्रत्येक भाविकाने एकदा तरी साखर तपासून घ्यावी, ही नम्र विनंती. शासकीय आरोग्य केंद्रांत ही सोय उपलब्ध असते आणि जनऔषधी केंद्रांत औषधे अल्प दरात मिळतात. येथील माहिती वैद्यकीय सल्ल्याचा पर्याय नाही. सर्व भाविकांस उत्तम आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.