उसाच्या वाटेने मॉरिशसला



शहाद्याच्या माणसाला समुद्र तसा लांबचाच. आपले तीर्थ प्रकाशे, आपला संगम तापी-गोमाईचा. पण ऊस? तो काही आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून आज ज्या बेटाची सफर करायची, त्या मॉरिशसला आपण उसाच्या वाटेने जाऊ या.

हिंदी महासागरातले हे बेट आकाराने केवढे? तर सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. ही पांढरी वाळू आणि निळे पाणी पाहायला जगभरचे लोक येतात. पण वाळू सोडून जरा आत वळले, की उसाचे मळे लागतात. या बेटाचा खरा इतिहास त्या मळ्यांत आहे.

बेटावर मूळची वस्ती नव्हती. डच आले, १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच आले आणि १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. उसाचे काम गुलामांकडून करवून घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मग ऊस तोडायचा कोणी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात आले. त्यात ३६ मजूर होते, छोटा नागपूरकडच्या डोंगराळ मुलखातले. त्यांच्या मागोमाग पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात उतरली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’चे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. आपल्याकडचा सालदार एका सालाला बांधलेला असे, हा गिरमिट्या पाच सालांना. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापत.

पोर्ट लुईत गेलात, तर आप्रवासी घाट जरूर पाहावा. जहाजातून उतरलेला मजूर याच दगडी पायऱ्या चढून आत जाई. तिथे त्याला नंबर मिळे आणि नाव नोंदले जाई. बापाचे नाव लिहिले गेले, की पुष्कळदा तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसे. २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा ठरला. नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ल मॉर्नचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत आसरा घेत. त्यालाही २००८ मध्ये तोच मान मिळाला. एकाच बेटावर गुलामाची आठवण आणि गिरमिट्याची आठवण अशा दोन्ही जपलेल्या आहेत.

आता आपल्या माणसांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली. त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. त्यांचे वंशज वाक्वा गावाच्या परिसरात, पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात आणि इतरत्र राहतात. घरात बहुधा क्रिओल बोलतात. ही फ्रेंचवर पोसलेली भाषा. कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच. मग मराठी टिकली कुठे?

ती टिकली भजनात, आरतीत आणि गणपतीत. विसर्जनाला निघताना ही मंडळी झांजा-ढोलकीवर ‘झाकरी’ नाचतात. कोकणातल्या जाखडीचेच हे नाव, उच्चार तेवढा बदललेला. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मळ्यांच्या वस्त्यांत दिवसभराचे काम संपल्यावर बैठका भरत. तिथे पोथी वाचली जाई, पोरांना अक्षरे शिकवली जात. मराठी पुढे प्राथमिक शाळेत शिरली. मोका येथील महात्मा गांधी संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. तिथे मराठीचे शिक्षण मिळते आणि त्या गिरमिट्यांची जुनी कागदपत्रेही सांभाळलेली आहेत.

बेटाच्या मध्याशी डोंगरात एक तळे आहे. गिरमिट्यांच्या वंशजांनी ते तीर्थ मानले. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेले गंगाजल ओतले आणि त्याचे नाव ठेवले गंगा तलाव. महाशिवरात्रीला हजारो लोक खांद्यावर कावडी घेऊन पायी तिथे जातात. आपण प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतो ना? त्यातलाच हा प्रकार. काशी लांब पडली, तर माणूस ती जवळ आणतो.

देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि गिरमिट्यांची नातवंडे-पतवंडे राज्यकारभार पाहू लागली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण गुरुजींनो, बाईंनो, आणखी एक गोष्ट आपण स्वतःशी धरावी. मॉरिशसची मराठी आपोआप टिकली नाही. घरातून ती जवळजवळ सुटली होती. कोणीतरी संध्याकाळी कंदील लावून तिला जागा करून दिली, म्हणून ती राहिली.

आपल्या सातपुड्यातली कुटुंबे आजही हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांची पोरे परत येतात, तेव्हा वर्गात पुस्तकाची मराठी असते आणि पोराच्या तोंडी पावरी किंवा भिली. पाच हजार किलोमीटरवर आपल्या भाषेला कोणी जागा दिली, याचा आपल्याला आनंद होतो. मग आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराच्या बोलीलाही एखादा तास, एखादे गाणे, एखादी गोष्ट इतकी जागा द्यायला काय हरकत आहे?