टोक्याचे बापूदेवशास्त्री आणि ज्येचे वाकण

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात किल्ल्यांची आणि लढायांची जशी दखल घेतली जाते, तशी गणिताची घेतली जात नाही. म्हणून पारनेरच्या श्रोत्यांपुढे आज एका वादाची हकीकत मांडतो.

गोदाकाठचे टोके हे बापूदेवशास्त्री परांजपे यांचे गाव. जन्म 1821. नागपुरास त्यांनी लीलावती वाचली, सिहोरास विल्किन्सनसाहेबांच्या आश्रयाने पुढचे गणित केले, आणि मग काशीच्या संस्कृत पाठशाळेत ते शिकवू लागले. 1858 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की, चलनकलनाचे तत्त्व भास्कराचार्यांना ठाऊक होते. आधार असा: चंद्राची गती दिवसभर सारखी नसते, म्हणून तिथ्यंतासाठी भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत 'तात्कालिक गती' घेतली आणि ज्येतील फरक कोटिज्येच्या प्रमाणात मानला. 1860 साली स्पॉटिसवूड यांनी उत्तर दिले. साम्य मोठे आहे हे त्यांनी कबूल केले. पण अत्यल्प राशीची स्पष्ट कल्पना त्यांना त्यात दिसेना.

मला वाटते, वाद पहिल्याच पायरीवर अडला. दुसरी पायरी भास्कराचार्यांच्याही साडेसहाशे वर्षे आधी, आर्यभटाच्या ज्याकोष्टकात आहे. तेथे ज्यांचे फरक दिले आहेत: 225, 224, 222, 219, आणि अगदी शेवटी 37, 22, 7. आता या फरकांचे फरक काढून पाहा. आरंभी 1, 2, 3. शेवटी 15, 15. ज्या जितकी मोठी, तितका हा दुसरा फरक मोठा. आर्यभटाचा नियम हाच. आजच्या भाषेत हा द्वितीय अवकलजाचा सख्खा भाऊ. ज्या शून्य तेथे तोही शून्य, आणि पलीकडे त्याचे चिन्ह उलटते: वक्र एका अंगास वाकत होता, तो दुसऱ्या अंगास वाकू लागतो. घाटात डावे वळण संपून उजवे लागताना गाडी क्षणभर सरळ होते ना, तसे.

पण हे स्थळ आपल्या आचार्यांनी शोधले, असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे आकाशातला ग्रह होता, कागदावरचा वक्र नव्हता. फरकांच्या फरकांवरून वाकणबदलाचे बिंदू काढण्याची रीत लोपितालच्या 1696 च्या फ्रेंच ग्रंथात आली. त्यातही एक मेख आहेच. नुसते शून्य मिळून भागत नाही, चिन्ह बदलावे लागते; एखाद्या राशीच्या चतुर्घाताचा वक्र शून्यापाशी तसे शून्य देतो, पण वाकण बदलत नाही.