माहुलीनंतरचे शहाजीराजे

मागच्या भागात आपण १६३६ च्या ऑक्टोबरमध्ये माहुलीच्या वेढ्यापाशी थांबलो होतो. पेमगिरीवर ज्या बालनिजामाला शहाजीराजांनी गादीवर बसवलं, तोच शेवटी मोगलांच्या हवाली करावा लागला. निजामशाही संपली.

पुस्तकं इथून थेट पुण्याकडे वळतात. मी बेंगळुरूत राहणारा निवृत्त फौजी. मला प्रश्न पडतो तो हरलेल्या सेनानीचा. त्याचं पुढे काय झालं?

राजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडेच राहिली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं. पुढे बेंगळुरू, कोलार, होसकोटे, शिरे हा मुलूख राजांकडे आला. हरलेल्या नायकांना त्यांनी शक्यतो उखडलं नाही. खंडणी घेऊन नांदू दिलं. दरबार तर असा भरला, की जयराम पिंड्ये कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांचे कवी भेटतात.

पण चाकरी ती चाकरीच. १६४८ मध्ये जिंजीच्या मोहिमेवर असताना मुस्तफाखानाने त्यांना कैद केलं. १६४९ मध्ये सुटका झाली, ती शिवरायांनी कोंढाणा सोडल्यावर. त्याच साली इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. राजाच्या बाजूने लढलेले तिथले जमीनदार दंड भरून आपल्या जप्त जमिनी सोडवत होते. इथे दंड म्हणून किल्ला गेला, एवढाच फरक. पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला पडला, तोही आदिलशहासाठी लढताना.

मंडळी, नोकरीत असताना शरणागती हा शब्द मला शिवीसारखा वाटायचा. आज तसं वाटत नाही. माहुलीवर राजे हट्टाने मेले असते, तर पुण्याची जहागीर उरली असती का? आणि ती नसती, तर शिवरायांनी सुरुवात कुठून केली असती? हरल्यावर काय वाचवायचं हे ओळखणं, हेही सेनापतीचंच काम.

१६६४ च्या जानेवारीत होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून राजे गेले. समाधी तिथेच आहे. बेंगळुरू व्यंकोजींकडे आलं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात त्यांचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. मराठ्यांचं बेंगळुरू जेमतेम पन्नास वर्षांचं.

कधी मल्लेश्वरमला गेलात, तर त्या शिलालेखापुढे दोन मिनिटं थांबा. पुढच्या भागात व्यंकोजी आणि तंजावर. जय हिंद.