निजलेलें इंजिन



करमाळा तालुक्यांतील केम हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांना कुंकवामुळें ठाऊक असेल. पुण्याहून सोलापुरास १८६० मध्यें पोंचलेल्या लोहमार्गावर तें वसलें आहे. आगगाडी दाराशीं असल्यावर घरची जुनी मोटार वापरावांचून राहून जाणें सोपें. वर्षा-दोन वर्षांनीं कोणी किल्ली फिरवितो आणि इंजिन हूं कीं चूं करीत नाहीं. मग जो तो बॅटरीला दोष देतो. ती उतरलेली असतेच. परंतु नवी बॅटरी जोडून लगेच स्टार्टर दाबणें म्हणजे इंजिनावर दुसरें संकट आणणें होय. हें पटण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

आरंभींच्या मोटारी दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनानें उलट झटका दिला कीं मनगट मोडे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसला. मनगटें वाचलीं खरीं, पण एक जाणीव हरपली. दांडा फिरविणाऱ्या हाताला दट्ट्या मोकळा आहे कीं अडला आहे हें तत्काळ समजे. बटणाला तें समजत नाहीं. तें नुसता जोर लावतें. आपल्याकडील ॲम्बॅसडर व पद्मिनी या गाड्यांना पुढेंही कित्येक वर्षें दांड्याची सोय असे. तिला जुनाट म्हणून हंसणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं.

त्या दांड्याची खरी किंमत युद्धकाळीं कळण्यासारखी होती. १९४१ मध्यें हिंदुस्थानांत पेट्रोलचें नियंत्रण आलें. १९४२ मध्यें मलायांतील रबर व ब्रह्मदेशांतील तेलविहिरी जपान्यांच्या हातीं पडल्या. कित्येक बसगाड्या पाठीशीं भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर धांवूं लागल्या. घरगुती मोटारींना मात्र घरींच उभें राहणें आलें. नवी गाडी मिळणें दुरापास्त होतें. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्यें काढली, पण तिच्या गाड्या रस्त्यावर येण्यास युद्ध संपावें लागलें. तोंवर जुनें इंजिन जपून जागें करणें एवढाच मार्ग होता.

उभ्या इंजिनांत घडतें काय? एखाद्या सिलिंडराची झडप उघडी राहिलेली असते. त्या वाटेनें दमट हवा आंत शिरते. भिंतींवरील तेलाचा थर ओघळून जातो आणि दट्ट्याच्या कड्या गंजून सिलिंडराला चिकटतात. मुंबईच्या हवेंत हें लवकर घडतें, केमच्या कोरड्या हवेंत उशिरां. उलट केमच्या उन्हाळ्यांत पेट्रोल उडून जातें व मागें राहिलेला डिंकासारखा थर कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितो.

म्हणून आधीं प्लग काढावे, प्रत्येक सिलिंडरांत थोडें इंजिनाचें तेल सोडावें आणि एक-दोन दिवस तें मुरूं द्यावें. मग गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन हातानें सावकाश फिरवावें. प्लग काढलेले असल्यामुळें झटक्याचें भय नसतें. दांडा नसेल तर पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावावा. फिरविणें मात्र इंजिनाच्या नेहमींच्या दिशेनेंच. अडलें तर पुन्हा तेल आणि पुन्हा धीर. मोकळें झालें म्हणजे टांकींतील शिळें पेट्रोल काढावें, कार्ब्युरेटर धुवावा, तेल बदलावें, ठिणगीच्या पॉइंटांवरील मळ बारीक पॉलिश कागदानें पुसावा. बॅटरीची पाळी त्यानंतर.

मार्च २०२० च्या टाळेबंदींत पुन्हा असंख्य गाड्या उभ्या राहिल्या. आतां तर पेट्रोलांत इथेनॉलही मिसळलेलें असतें. उजनी धरणामुळें सोलापूर जिल्ह्यांत ऊंस वाढला आणि त्याच उंसाच्या मळीपासून हें इथेनॉल होतें. शेतकऱ्याला तें लाभाचें. पण तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि फार दिवस राहिलें तर पाणी धरून टांकीच्या तळाशीं बसतें. तेव्हां जुन्या गाडीच्या टांकीचा तळ आज अधिकच निरखून पाहावा.

इतकें झाल्यावर प्लग बसवून खुशाल किल्ली फिरवावी. इंजिन जागें होतांच निळसर धूर निघेल. तो सिलिंडरांत सोडलेल्या तेलाचा असतो. थोड्या वेळानें थांबतो.