आपत्ती निसर्गाची, मग जबाबदारी कुणाची? किल्लारीच्या भूकंपाकडे एका डॉक्टरच्या नजरेतून

पूर आला, भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न सगळीकडे विचारला जातो : याला जबाबदार कोण? चार दिवस आरोप होतात, पंचनामे होतात, आणि प्रश्न तसाच राहतो. या ब्लॉगवर आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू असे विषय घेतो. आज मात्र इतिहासातली एक रात्र घेऊ या. या प्रश्नाचे उत्तर आरोग्याच्या अंगाने पाहिले तर बरेच सोपे होते, असे मला वाटते.

एखादा रुग्ण दगावला की आम्हाला मृत्यूच्या कारणाचा दाखला भरावा लागतो. त्यात शेवटचे कारण, त्यामागचे कारण आणि त्याच्याही मागचे मूळ कारण अशा ओळी असतात. ‘हृदय बंद पडले’ एवढे लिहून चालत नाही, कारण हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते का बंद पडले, हे लिहावे लागते. ‘भूकंपाने मेले’ हे वाक्यही तसेच अर्धवट आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणेश विसर्जन झालेले, दमलेली माणसे उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ जमीन हादरली. तीव्रता सुमारे ६.२. किल्लारीसह आजूबाजूची आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसरातली गावे भुईसपाट झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे, आणि जखमी सुमारे १६ हजार. मृतांचा आकडा दहा हजारांच्या जवळ नेणारे अंदाजही आहेत.

आता जगाच्या हिशेबात ६.२ हा काही राक्षसी भूकंप नाही. जपानमध्ये एवढ्या भूकंपात कपाटातली भांडी पडतात आणि लोक दुपारी कामाला जातात. मग इथे इतकी माणसे का गेली? उत्तर घरात होते. आपल्याकडची जुनी घरे आठवा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधून ठेवणारे लांब दगड जवळपास नाहीतच. वर पांढऱ्या मातीचे माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, म्हणून आपल्याला ती घरे प्रिय. पण भिंतीचे दोन थर सुटले की ते सगळे वजन झोपलेल्या माणसावर येते. काँक्रीटची इमारत पडली तर स्लॅबखाली कुठेतरी पोकळी राहते, माणूस तिथे तग धरतो. माती मात्र नाका-तोंडात जाते आणि पोकळी ठेवत नाही. गावाबाहेर कुडाच्या हलक्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसे त्या पहाटे तुलनेने वाचली, आणि मोठ्या दगडी वाड्यांतली कुटुंबे संपली. हा उलटा न्याय मला कायम विचारात पाडतो.

म्हणजे दाखल्यावर शेवटचे कारण लिहायचे तर ‘गुदमरणे’. त्यामागे ‘भिंत कोसळणे’. आणि मूळ कारण?

आधीची लक्षणे

इथे इतिहास थोडा अवघड होतो. किल्लारी परिसराला १९९२ सालीच हादरे बसू लागले होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा त्यातला मोठा, तीव्रता ४ च्या आसपास. लोक घाबरले, बाहेर झोपू लागले. मग हादरे कमी झाले आणि माणसे पुन्हा माळवदाखाली गेली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचा कातळ स्थिर आहे, असाच सर्वसाधारण समज होता.

लहान हादऱ्यांवरून मोठा भूकंप केव्हा येईल हे सांगता येत नव्हते, आजही येत नाही. त्यामुळे ‘सरकारने तारीख का सांगितली नाही’ हा आरोप मी मान्य करणार नाही. पण छातीत दुखणाऱ्या रुग्णाला अटॅक कोणत्या तारखेला येईल हे मलाही सांगता येत नाही. तरी मी त्याचा ईसीजी काढतो, तंबाखू सोडायला सांगतो. किल्लारीत ‘ईसीजी’ म्हणजे घरांची तपासणी. कोणत्या भिंती धोक्याच्या, कोणते माळवद हलके करायचे, हे भूकंपाची तारीख न कळताही करता आले असते. ते काम त्या वेळी कोणत्या खात्याचे होते? महसूल खाते आपत्तीनंतर मदत वाटायचे. बांधकाम खाते सरकारी इमारती पाहायचे. भूशास्त्राच्या संस्था जमिनीचा अभ्यास करायच्या. शेतकऱ्याच्या घराची भिंत कुणाच्याच टेबलावर नव्हती. २००२ साली नकाशा सुधारला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

त्या रात्री कायद्याने जबाबदार कोण होते?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण तसे स्पष्ट सांगणारा कायदाच नव्हता. इंग्रजांनी १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर आयोग नेमला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा आराखडा आला. कामे कधी काढायची, अन्न कधी वाटायचे, हे त्यात ठरले आणि कलेक्टर हा त्या यंत्रणेचा कणा झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे १९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्या काळी जबाबदारी राजाची, म्हणजे त्याच्या मर्जीची.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तिन्ही सूच्यांत ‘आपत्ती’ हा विषय स्वतंत्रपणे आलाच नाही. मदतकार्य राज्याने करायचे आणि केंद्राने पैसा द्यायचा, असा प्रघात पडला. १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी झाला, त्यात केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के. दिल्लीत हा विषय तेव्हा कृषी खात्याकडे होता. आपत्ती म्हणजे दुष्काळ, एवढीच सरकारी कल्पना.

अशा स्थितीत किल्लारी घडले. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी लातूरला पोहोचले, जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी आणि त्यांची यंत्रणा कामाला लागली, लष्कर आले, स्वयंसेवी संस्था आल्या. त्यांच्या कामाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. बघ्यांची गर्दी, अडलेले रस्ते, वर पाऊस, यातून त्यांनी काम केले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती धावपळ माणसांच्या वकुबावर चालली होती. त्या खुर्च्यांवर दुसरी, ढिली माणसे असती तर त्यांना जाब विचारायला कोणते कलम होते?

आणि कितीही वेगवान सरकार असले तरी पहिले काही तास शेजारीच असतो. जगभर हाच अनुभव आहे. जिवंत निघणारी बहुतेक माणसे पहिल्या दिवसात निघतात, तीही उघड्या हातांनी काढलेली.

इथे एक वैद्यकीय माहिती सांगून ठेवतो, कारण ती कुणाचा तरी जीव वाचवू शकते. मांडी किंवा दंड ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबला की त्यातला स्नायू मरू लागतो. वजन वर असते तोवर माणूस बोलतो, पाणी मागतो. वजन उचलले की मेलेल्या स्नायूतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात येते. पोटॅशियमने हृदय थांबू शकते, मायोग्लोबिनने मूत्रपिंडे निकामी होतात. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. म्हणून बराच वेळ दबलेल्या माणसाला शक्य असेल तिथे आधी सलाईन लावायचे आणि मग तुळई उचलायची, आणि त्या सलाईनमध्ये पोटॅशियम नको. सुटका झाल्यावर ‘बरा दिसतो’ म्हणून त्याला घरी पाठवायचे नाही. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात अशा रुग्णांना डायलिसिस पुरले नाही, तेव्हा मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी खास पथक उभारले. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे माहीत असलेला माणूस रात्रपाळीला असणे, हीसुद्धा सरकारी जबाबदारीच आहे. पण ती कुठल्याच बातमीत येत नाही.

दुसरी गोष्ट मृतदेहांची. प्रेतांमुळे साथ पसरेल ही भीती तेव्हा होती, आजही प्रत्येक आपत्तीत असते. जखमेने मेलेल्या निरोगी माणसाच्या देहातून सहसा साथ येत नाही. साथ येते ती जिवंत माणसांच्या घाण पाण्यातून, उघड्यावरच्या शौचातून, छावणीतल्या गर्दीतून. घाईघाईने, ओळख न पटवता अंत्यसंस्कार झाले तर आरोग्याचा फायदा होत नाही आणि कुटुंबाचे नुकसान मात्र होते. नोंद नाही, दाखला नाही, म्हणजे भरपाई, वारसा, बँक सगळे अडते. किल्लारीत पडलेल्या घरांच्या तुळया-वाशांवरच चिता रचाव्या लागल्या. त्या परिस्थितीत गावकऱ्यांना दोष देणे अमानुष होईल. पण मृतांची नोंद ठेवणे हे शासनाचे काम आहे, दुःखात बुडालेल्या माणसाचे नाही.

नंतरची वर्षे

जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन प्रकल्प झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीन व अल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. ज्याचे जेवढे गेले तेवढे द्यायचे, असा त्यामागचा हिशेब. माझ्या मते हा निर्णय चुकला. पाच माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला झोपायला कमी जागा लागते असे शरीरशास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. निसर्गाने एका पहाटेपुरती मोडलेली उतरंड सरकारी नकाशाने पुन्हा काँक्रीटमध्ये बांधली.

जिथे गावे हलवायची नव्हती, पडझड दुरुस्त करायची होती, तिथे काम अधिक चांगले झाले असे मी म्हणेन. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या, दुरुस्तीची माहिती घरोघरी पोहोचवू लागल्या. जोत्याला आणि लिंटेलला पट्टा का घालायचा हे त्यांनी शिकून घेतले. भिंतीची जबाबदारी प्रथमच कुणीतरी उचलली होती.

मनाच्या जखमांचे काय? माझ्याकडे येणाऱ्यांत तिकडचे काही जण आहेत. विसर्जनाची रात्र आली की झोप उडते, छातीत धडधडते, कुणी अजून अंगणातच झोपते. ईसीजी नॉर्मल असतो. तीस वर्षे उलटल्यावरही हे आजारपण खरे असते आणि त्यावर उपचार आहेत. पुनर्वसनाच्या हिशेबात घरे मोजली जातात, या झोपेचा रकाना नसतो.

आज कायदा काय म्हणतो?

किल्लारी, ओडिशाचे चक्रीवादळ, भुज आणि त्सुनामी एवढे झाल्यावर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. आता उत्तर कागदावर आहे : देशात पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे प्राधिकरणांचे अध्यक्ष, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे जिल्ह्यातले सहअध्यक्ष. बाराव्या कलमात निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा, स्वच्छता यांचे किमान निकष आणि विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद सांगितली आहे. नेमून दिलेले कर्तव्य नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि नागरिकालाही तीस दिवसांची नोटीस देऊन तक्रार करता येते. हाच तो कायदा, ज्याखाली २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्याची नागरिकाला शिक्षा करणारी बाजू आपण सगळ्यांनी पाहिली. अधिकाऱ्याला बांधणारी बाजू फार थोड्यांनी वाचली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी दुष्काळाच्या खटल्यात राज्यांची आणि केंद्राचीही कानउघाडणी केली. आपत्ती येण्याआधी खर्च करण्यासाठीचा निधी, जो कायद्यात होता, तो दहा वर्षांनंतरही उभारला नव्हता. तीन महिन्यांत उभारा, असा आदेश द्यावा लागला. आजार झाल्यावर पैसा मिळतो आणि लसीला मिळत नाही, हे दुखणे आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे आहे.

कागदावरची साखळीही अधूनमधून तुटते. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावे रात्रीत पाण्याखाली गेली, लष्कर बोलवावे लागले, माणसे दगावली. तेव्हा जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. लोकांनी निवडून दिलेल्या सहअध्यक्षांची खुर्ची तीन वर्षांहून अधिक काळ रिकामी होती.

आणि जमीन अजून बोलते आहे. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी नांदेड, हिंगोली, परभणीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेड प्रशासनाने एक आवाहन केले : ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि त्यावर वजनासाठी दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. सल्ला अगदी बरोबर होता. पण तो दगड कुणी हौसेने ठेवत नाही. वैशाखात वावटळ आली की पत्रा उडतो, म्हणून ठेवतो. दगडाऐवजी हूक-बोल्टने पत्रा घट्ट बसवता येतो. एका खोलीसाठी त्याला खर्च किती, आणि तो खर्च जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात कोणत्या शीर्षाखाली बसतो, एवढे तुमच्या ग्रामसभेत विचारून पाहा आणि काय उत्तर मिळाले ते मला कळवा.